साटीन भिजवण्याची रीत

झुराकानचे दोन्ही हात मनगटापर्यंत बटाट्याच्या मातीने भरले होते, म्हणून तिने फोन नाकाच्या शेंड्याने उघडला. अंगणात उन्हाला पसरलेल्या बटाट्यांपाशी ती उकिडवी बसली होती. बियाण्याचे एका पोत्यात, खायचे दुसऱ्या पोत्यात, कुजके गाईला. फोन पालथ्या बादलीला टेकवून ठेवला होता आणि सकाळपासून त्याची गुरगुर थांबत नव्हती.

"अकरा हजार बायकांची राखणदारीण," पोत्याचं तोंड शिवता शिवता तिचा नवरा बेइशेन म्हणाला. "पगार शून्य. आणि आता नाकालाही कामाला लावलं."

"तुमच्या नाकाला नाही ना लावलं? मग शिवा गुपचूप."

बेइशेनला वाटलं, आता पुढचा टोमणा येईल. पण तो आला नाही. झुरा फोनकडे बघत तशीच बसून राहिली.

फोटोत एका पलंगावर तीन कापडं पसरली होती. पांढरं मांजरपाट, बारीक फुलांचं चीट आणि आभाळी निळं साटीन. खाली तीन ओळी होत्या. 'एजेंनो, नव्वद बायकांना पुरतील असे तुकडे करायचे आहेत. तिन्ही मिळून अठरा मीटर आहे, भागेल का? कडा दुमडायच्या की तशाच सोडायच्या?' लिहिणारीचं नाव कानिशाय. ग्रुपवर सगळ्याच एकमेकींना एजे म्हणत, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं, मग समोरची वयाने धाकटी का असेना.

ग्रुपचं नाव 'कुराक'. तुकड्याला तुकडा जोडून गोधड्या, आसनं, पाळण्याची पांघरुणं शिवणाऱ्या बायकांचा तो ग्रुप. काढला होता बिश्केकमध्ये कापडाचं दुकान चालवणाऱ्या आयचुरोकने, आणि तिने झुराला गळ घालून ॲडमिन केलं होतं. झुराने काराकोलच्या शाळेत एकतीस वर्षं पोरींना शिवण शिकवलं होतं. निम्म्या ग्रुपने तिच्या हातची पट्टी खाल्लेली, त्यामुळे तिच्यापुढे कुणी चकार शब्द काढत नसे.

नव्वद बायका आणि न दुमडलेल्या कडा म्हटल्यावर कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. भरल्या वयात, नातवंडं-पतवंडं बघून गेलेल्या माणसाच्या मातीला बायका येतात तेव्हा प्रत्येकीच्या हातावर कापडाचा एक तुकडा फाडून ठेवतात. तो जिर्तिश. गेलेल्याचं लांब आयुष्य त्या तुकड्यातून आपल्याकडे येतं म्हणून बायका तो जपून घरी नेतात आणि गोधडीत घालतात. शहाण्या म्हाताऱ्या आपल्या जिर्तिशचं कापड आपल्या हयातीतच पेटीत जमवून ठेवतात.

त्यामुळे उत्तरं पटापट आली होती. फाडायचं, कात्री लावायची नाही. कडा तशाच. चीट आडवं फाड, उभं फाडलंस तर फुलं तुटतात. मग कुणीतरी विचारलं, 'सासूबाईंचं का गं? देव त्यांची जागा उजळो.' कानिशायने उत्तर दिलं नाही. दहा-बारा जणींनी सासूबाईंसाठी दुवा मागितली. आणि मग तोंग भागातल्या एका बाईने लिहिलं, 'कसली दुवा मागताय? तिची सासू काल बाजारात होती. धडधाकट! गाजराच्या भावावरून माझ्याशी भांडली.'

तिथून पुढे आगीत तेलच. जिवंत सासूचे तुकडे मोजतेस? हल्लीच्या सुनांना लाज म्हणून उरली नाही. आमची सून असती तर. कुणी सासवांवर घसरलं, कुणी सुनांवर, दोघींनी एकमेकींच्या माहेरचा उद्धार केला.

झुराने हात झग्याला पुसले, फोन उचलला आणि फोटो बोटांनी मोठा केला. निळं साटीन. कुराक शिवणारी बाई एखाद्याचा चेहरा विसरेल, पण कापड विसरणार नाही. हे साटीन तिने पाहिलं होतं. तिने मागे जाऊन शोधलं तेव्हा फेब्रुवारीत सापडलं. तेच कापड, तोच पलंग, आणि खाली लिहिलेलं, 'एजेंनो, पाळण्याच्या पांघरुणाला हा निळा चालेल का? मे महिन्यात लागेल.' त्याखाली झुराचंच उत्तर होतं. 'चालेल. पण बाळ हातात येईपर्यंत कात्री लावू नकोस. घडी करून ठेव.'

मे येऊन गेला होता. आता ऑक्टोबर. या ग्रुपवर सुरू झालेलं प्रत्येक पांघरूण कधी ना कधी फोटोत दिसतंच. बायका अर्धवट उशीसुद्धा दाखवल्याशिवाय राहत नाहीत. कानिशायचं पांघरूण आलं नव्हतं. साटीन अजून अख्खं होतं, घडीच्या रेघांसकट.

झुराने तिची पहिल्या दिवसाची ओळख काढली. नव्या बाईने वय आणि गाव सांगायचं, असा नियम होता. 'कानिशाय, सव्वीस, तोंगच्या वरचं गाव. नवरा रशियात कामाला.'

पाळण्यासाठी आणलेलं कापड कुणी सासूच्या जिर्तिशला काढत नाही. सासूचं कापड सासूच्या पेटीत असतं. बाई आपल्या पेटीतलं काढते ते स्वतःसाठी. आणि सव्वीस वर्षांच्या बाईचा जिर्तिश नसतोच. तो कुणी देत नाही, दिला तर कुणी घेणार नाही. झुराने फोन मांडीवर पालथा ठेवला.

"काय झालं?" बेइशेनने विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. आयचुरोक होती.

"झुरा-एजे, बघताय ना? दोनशे चौदा मेसेज झाले! मी पुसतेय सगळं, आणि तिला आठवडाभर म्यूट करतेय."

"थांब."

"काय थांब? उद्या माझा नवा माल लागतोय आणि इथं मातीच्या गोष्टी! चौथा नियम तुम्हीच लिहिलाय ना? 'इथे फक्त कापड. घरचा धूर घरच्याच धुराड्यातून.' केवढं कौतुक केलं होतं बायकांनी."

"आयचुरोक, ती सासूचं नाही विचारत. स्वतःचं विचारतेय."

पलीकडे दुकानात कापडाचा गठ्ठा कुठेतरी आपटल्याचा आवाज आला.

"कशावरून?"

झुराने साटीनचं सांगितलं. फेब्रुवारीचं, मे महिन्याचं, वयाचं.

"अल्ला," आयचुरोक म्हणाली. मग तिचा आवाज घाईचा झाला. "मग तर आधी पुसायला हवं! उद्या काही झालं तर सगळे म्हणतील, यांच्या ग्रुपवर बसून बायका तिला कापड मोजून देत होत्या. आपण काय डॉक्टर आहोत, एजे? गोधड्या शिवतो आपण."

"आणि पुसलं म्हणजे? तिला काय दिसेल?"

"दिसेल की पुसलंय. तिला काय नवीन आहे? मागच्या बुधवारी तुम्हीच पुसलं होतं की तिचं."

"मी?"

"तुम्हीच. फोटो नव्हता आणि हे लांबलचक. 'एजेंनो, कुणाला तरी विचारायचं होतं' असं काहीतरी सुरू होतं. मी वाचायला घेतलं तोवर तुम्ही उडवलंसुद्धा. मी मनात म्हटलं, काय हात आहे बाईचा."

झुराला तो मेसेज आठवेना. आठवण्यासारखं तिने काही पाहिलंच नव्हतं. दिवसाला तीनशे-चारशे मेसेज यायचे, आणि तिने कामाची एक सोपी रीत बसवली होती. कापडाबद्दल बोलणारी बाई फोटो टाकते आणि दोन-तीन ओळींत आटपते. फोटो नाही आणि मजकूर तीन ओळींच्या वर गेला, की नवरा, सासू, नाहीतर कर्ज. तो वाचत बसायचा नाही, पुसायचा. ही रीत इतकी चोख चालायची की बायका आपापसांत तिला 'झुराची पट्टी' म्हणत. पुसलेलं दोन दिवस ॲडमिनना दिसतं, मग कायमचं जातं. बुधवारला नऊ दिवस झाले होते.

तिने पुन्हा आजचा मेसेज पाहिला. फोटो होता. ओळी तीन होत्या. कापडाशिवाय त्यात एक अक्षर नव्हतं. पोरगी तेच सांगत होती, फक्त या वेळी नियमात बसवून.

"एजे? ऐकताय ना?"

"पुसू नकोस," झुरा म्हणाली. "तुझ्या पाया पडते, आयचुरोक. एवढं पुसू नकोस."

झुरा-एजे कुणाच्या पाया पडते हे ऐकून आयचुरोक घाबरलीच असावी.

"बारापर्यंत," ती म्हणाली. "बारानंतर मी सगळं बंद करणार."

अकरा वाजायला दहा मिनिटं होती. झुराने कानिशायला वेगळा मेसेज केला. 'मी झुरा. मला फोन कर.' तो वाचल्याची खूण उमटली, पण उत्तर नाही. तिने स्वतः फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

"पोलिसांना सांग," बेइशेन म्हणाला. त्याने सगळं ऐकलं होतं आणि दाभण हातातच राहिलं होतं.

"काय सांगू? एका बाईने कापड किती लागेल विचारलं म्हणून?"

ग्रुपवर उघड विचारणंही शक्य नव्हतं. पोरी, तुला काय होतंय, असं एकदा लिहिलं की अकरा हजार जणी तिच्यावर तुटून पडतील. त्यात तिच्या गावच्या असतील, सासूच्या मैत्रिणी असतील, रशियात कामाला गेलेल्या नवऱ्याची चुलत बहीण असेल. पोरगी फोन बंद करेल. आणि मग झुराकडे तिच्यापर्यंत पोचायला धागासुद्धा उरणार नाही. ती कापडाचं बोलायला आली होती. तिच्याशी कापडाचंच बोलायला हवं होतं. तिने दोनदा लिहून खोडलं आणि तिसऱ्यांदा पाठवलं.

'कानिशाय, साटीन कोरडं फाडत नसतात. आधी दिवसभर पाण्यात ठेवायचं, मग सावलीत वाळवायचं, मगच फाडायचं. नाहीतर वाकडं जातं. आज फाडू नकोस.'

आयुष्यात झुराने कापडाबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. माणसांबद्दल सांगितलं असेल, पोरींच्या आयांना तर ढीगभर. पण कापडाबद्दल कधीच नाही. हे असलं खोटं तर दुसरीतल्या पोरीनेही पकडलं असतं.

आणि पकडलंच. भांडणाऱ्या बायका भांडण सोडून तिच्याकडे वळल्या.

'एजे, तब्येत बरी आहे ना?'

'साटीन भिजवलं तर चमक जाईल की!'

'नातवाने फोन घेतलाय वाटतं एजेंचा.' त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

मग तिची एक जुनी विद्यार्थिनी आली. 'एजे, साटीन भिजवलं म्हणून सातवीत तुम्ही माझ्या हातावर पट्टी मारली होती. अजून आठवतंय!'

झुराने लिहिलं, 'तेव्हा मी चुकले होते.'

झुराकान चुकले म्हणते, हे त्या ग्रुपवर याआधी कुणी वाचलं नव्हतं. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. बेइशेन येऊन तिच्या खांद्यावरून वाकून बघू लागला. तिने त्याला हाकललं नाही.

मग एक आवाजी मेसेज आला. कालिपा-आपाचा. कालिपा-आपा तोंगचीच, सत्तरीच्या पुढची, लिहिताना चुका होतात म्हणून नेहमी बोलूनच पाठवायची. मागे गाय हंबरत होती.

'झुरा खरं सांगते,' म्हातारी ठासून म्हणाली. 'तुम्हा आजकालच्या पोरींना काय कळतं? माझी आजी साटीन तीन तीन दिवस भिजवायची. कोरडं फाडलेलं साटीन म्हणजे अपशकुन. पोरी, भिजत घाल ते.'

लगेच तिचाच दुसरा मेसेज एकट्या झुराला आला. 'माझ्या आजीने साटीन डोळ्यांनीसुद्धा पाहिलं नव्हतं गं. कुणाची लेक आहे ही? वरच्या गावची म्हणजे ओढ्यापलीकडची ना? मी निघते. चाळण मागायला आले म्हणेन.'

झुराने ते दोनदा ऐकलं आणि डोळे पुसले. गालाला माती लागली.

ग्रुपवर आता दुसरी कुणी बोलत होती. नारीनची बाई होती, बोटात सोन्याचं अंगुस्तान घालणारी, झुराशी तिचं कधी पटलं नव्हतं. 'आमच्याकडे मीठ घालून भिजवतात,' तिने लिहिलं. 'दोन दिवस तरी हवेतच.' मग ओशची एक जण म्हणाली, सावलीतच वाळव, आणि रोज पाणी बदल. मग तलासची एक. मग ती जुनी विद्यार्थिनी. 'हो, आता आठवलं. मी कमी भिजवलं होतं, म्हणून मारलं होतं एजेंनी.' एकामागून एक मेसेज पडत होते आणि प्रत्येकीचं साटीन आधीच्या बाईच्या साटीनपेक्षा जास्त वेळ भिजत होतं. कुणाला काय कळलं होतं आणि कुणाला काहीच कळलं नव्हतं, हे झुराला सांगता आलं नसतं. सासूवरून शिव्या देणाऱ्यांपैकी दोघींनी आपले मेसेज स्वतःच पुसले. एक मात्र हट्टाने म्हणत राहिली की हा मूर्खपणा आहे, साटीन भिजवत नसतात. तिला कुणी उत्तर दिलं नाही.

कानिशाय अजून गप्प होती.

बाराला पाच मिनिटं असताना आयचुरोकचं नाव दिसलं. आता ही सगळं बंद करणार.

'मी मालकीण बोलतेय,' आयचुरोकने लिहिलं होतं. 'ते निळं साटीन माझ्याच दुकानातलं आहे. तो गठ्ठा खराब निघालाय. न भिजवता फाडलं तर फुकट जाईल. ज्यांनी कुणी घेतलं असेल त्यांनी परत आणून द्या, मी बदलून देईन.'

आयचुरोकचं साटीन उत्तम होतं. बिश्केकच्या बाजारात साटीन म्हटलं की लोक आधी तिच्याच दुकानाचं नाव घेत. आणि तेच खराब निघालं असं ती अकरा हजार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली होती.

त्याखाली, मिनिटभराने, कानिशाय आली.

'म्हणजे आज नाही होणार?'

झुराने फोन दोन्ही हातांत धरला. 'आज नाही. आज फक्त भिजव. उद्याही नाही. हे हाताने दाखवायचं काम आहे, मी येऊन दाखवते.'

'तुम्ही खूप लांब असता, एजे.'

'मी निघालेय,' झुराने लिहिलं, आणि मग उठून उभी राहिली. गुडघे कुरकुरले.

बेइशेन गाडीच्या दाराशी पाण्याचा डबा घेऊन कधीच उभा होता.

"आज शुक्रवार," झुरा म्हणाली. "तुमचा नमाज?"

"मी कुठं आहे ते त्याला ठाऊक असतं. बस आत. आणि तोंड धू, पोरगी घाबरेल."

रस्ता अडीच तासांचा. उजव्या हाताला तळं सबंध वाटभर निळंशार पसरलेलं, पण झुराने एकदाही मान वळवली नाही. कालिपा-आपा बातम्या पाठवत होती. 'पोचले. दार उघडलंय.' मग, 'चाळण दिली. बस म्हणाली. सासू मळ्यात बटाटे काढायला गेलीय, घरात एकटीच आहे.' मग, 'चहा ठेवलाय तिने. माझ्याशी बोलत नाही. हात बघवत नाहीत गं, नुसती हाडं.' झुरा प्रत्येक वेळी एकच लिहायची. 'उठू नका. तिथंच बसा.'

काजी-सायच्या अलीकडे शेवटची बातमी आली. 'आतल्या खोलीत गेलीय. बराच वेळ झाला. हाक मारली, ओ देत नाही.'

आणि मग फोनची रेंज गेली.

झुराने फोन काचेला लावला, खिडकीबाहेर धरला, डोक्यावर धरला. काही नाही. डोंगराची लाल माती रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सरकत होती.

"हळू का चालवताय?"

"जोरातच चालवतोय."

"आणखी जोरात चालवा ना हो!"

बेइशेनने पाय दाबला. गाडी थडथडायला लागली. झुरा काहीतरी पुटपुटत होती. बेइशेनला वाटलं दुवा असेल, पण ती मोजत होती, नऊ दिवसांत आपण किती पुसलं असेल ते. दिवसाला पाच धरले तरी पंचेचाळीस. ॲडमिन झाल्यापासूनच्या सहा वर्षांचा हिशेब तिने केलाच नाही. "मी वाचलं नाही," ती मोठ्याने म्हणाली. "एवढं काय जड होतं मला, वाचायला?" बेइशेनने एक हात स्टिअरिंगवरून काढून तिच्या हातावर ठेवला आणि वळण आलं तसा परत घेतला.

गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं. घर विचारावं लागलं नाही. तिसऱ्या फाटकाच्या आत, गोठ्याच्या सावलीत, दोरीवर निळं साटीन टांगलेलं दिसलं. त्याच्या खालच्या काठातून पाणी ठिबकत होतं.

झुरा गाडी थांबायच्या आधीच उतरली. दारात कालिपा-आपा चाळण मांडीवर घेऊन बसली होती, आणि झुराला बघून तिने मोठा सुस्कारा सोडला.

"टब काढायला गेली होती आत," ती खालच्या आवाजात म्हणाली. "पेटाऱ्याखालून ओढत होती, ऐकू येईना तिला. माझा जीव टांगणीला लागला होता, झुरा. आज रात्री मी इथंच झोपणार आहे. सासूला सांगेन गुडघा धरला म्हणून."

कानिशाय गोठ्याकडून आली. फोटो टाकणाऱ्या बायकांचे हात माहीत असतात, चेहरा नाही. झुराने तिला पहिल्यांदाच पाहिलं. लहान चणीची, रुमाल कपाळापर्यंत ओढलेला, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. तिने दोन्ही हातांनी झुराचा हात धरून सलाम केला, रीतीप्रमाणे वाटेची, तब्येतीची, जनावरांची चौकशी केली. झुराने उत्तरं दिली. मग दोघी दोरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, कारण त्यासाठीच तर झुरा आली होती.

"साटीन भिजवत नाहीत, एजे," कानिशाय म्हणाली. "मला ठाऊक आहे. बघा, चमक गेली."

झुराने कापडाला हात लावला. खरंच गेली होती.

"मग भिजवलंस कशाला?"

कानिशायने कापडाचा ओला काठ पिळला. पाणी तिच्या चपलांवर पडलं.

"एवढ्या जणी एकदम खोटं बोलायला लागल्या," ती म्हणाली. "मी मोजत होते. साठाच्या पुढं मोजता येईना."

बेइशेन फाटकापाशी गाडीचं झाकण उघडून उगाच आत बघत होता. कालिपा-आपा उठली, चाळण काखेत मारून त्याच्याकडे गेली आणि त्याला मोठ्याने विचारू लागली की यंदा तुमच्याकडे बटाटा कसा आला.

"मागच्या बुधवारी तू लिहिलं होतंस," झुरा म्हणाली. "ते मी पुसलं. न वाचता पुसलं."

"लांब होतं ते."

"काय होतं?"

कानिशायने मान हलवली. "आता सांगायला गेलं तर अजून लांब होईल, एजे."

गोठ्याच्या भिंतीशी दूध काढायचं एक बुटकं स्टूल होतं. झुराने ते ओढून कानिशायला दिलं आणि स्वतः पालथ्या टबावर बसली.

"होऊ दे," ती म्हणाली.

कानिशाय स्टुलाच्या कडेला टेकली. ओले हात तिने मांडीवर ठेवले, उचलले, परत ठेवले.

"मुलगी होती," ती म्हणाली. "कुणी विचारलंच नाही, म्हणून सांगितलं नाही. नाव ठेवलं होतं मी तिचं."

"काय ठेवलं होतंस?" झुराने विचारलं.